नीळकंठशास्त्री गोरे यांचा नित्यनेम

कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या देवळांत काकडा चालतो. मावळ प्रांती हा नेम अद्यापि निष्ठेने पाळला जातो. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्तिक सप्ताहात कीर्तनसेवेसाठी आम्ही लोणावळ्यानजीकच्या कुरवंडे गावी गेलो होतो. गाव सह्याद्रीच्या अगदी कड्याशी वसलेले. समोर नागफणीचा सुळका. इंग्रजांना त्यात वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाक दिसले आणि त्यांनी त्यास तेच नाव दिले. येथून कोकणात उतरणारी कुरवंडे घाटाची वाट इतिहासप्रसिद्ध आहे. १६६१ साली याच वाटेने खाली उतरलेल्या कारतलबखानाच्या फौजेस शिवछत्रपतींनी उंबरखिंडीत कोंडले. पुढे १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली, लोणावळे गजबजले, आणि रेल्वेच्या वसाहतीमागोमाग प्रॉटेस्टंट व रोमन अशी दोन्ही पंथांची प्रार्थनामंदिरे तेथे झाली.

काकडा आटोपून आम्ही ओसरीवर बसलो असता भेटीस आलेल्या मंडळींत एक वृद्ध ख्रिस्ती सद्‌गृहस्थ होते. रेल्वेच्या चाकरीतून निवृत्त झालेले, अभंगांचा नाद असलेले. बोलता बोलता त्यांनी सांगितले की, त्यांच्या घरी रोज पहाटे प्रार्थना होते व तीत प्रथम आपल्या मंडळीचे, मग पाळकांचे, मग बिशपांचे नाव घेऊन त्यांचे कुशल मागितले जाते. शेजारपाजारच्या मंडळ्या वारांवर वाटून घेतलेल्या आहेत. शनिवार आसपासच्या गावांचा. त्या शनिवारच्या गावांत कुरवंडेही असते! गावातील एकही घर ख्रिस्ती नसताना हे गाव त्यांच्या यादीत कसे, असे आम्ही विचारले. गाव शेजारी आहे, एवढेच कारण त्यांनी दिले.

हे ऐकून आम्ही काही काळ निरुत्तर झालो. चाळीस वर्षे आम्ही हरिकीर्तन करीत आहो. प्रत्येक कीर्तनाच्या अखेरीस पसायदान होते, त्यात अवघ्या विश्वाचे कल्याण मागितले जाते. त्याहून मोठे मागणे मनुष्यवाणीने कधी मागितले असेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु विश्वाचे मागणाऱ्या आम्हांस शेजारच्या आळीतील घरांची नावे प्रार्थनेत घेण्याची सवय नाही, हेही खरे. पूजेच्या प्रारंभीचा संकल्प आठवावा. त्यात भरतखंडापासून गोदावरीच्या दक्षिण तीरापर्यंत स्थळाचा आणि संवत्सरापासून नक्षत्रापर्यंत काळाचा उच्चार किती काटेकोर असतो! आणि इतके नेमके स्थळ सांगून झाल्यावर यजमान बहुधा आपल्याच कुटुंबाचे क्षेम मागतो. हा दोष शास्त्राचा नव्हे, आमचा आहे. कारण शास्त्राने पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ रोजचेच सांगितले आहेत.

निघताना त्या गृहस्थांनी आम्हांस गोरेशास्त्र्यांविषयी विचारले. नाव आमच्या परिचयाचे होते. त्यांचा एक संस्कृत ग्रंथ आमच्या फडताळात कित्येक वर्षे आहे. वाचकहो, कार्तिकीच्या या पवित्र प्रसंगी स्वधर्म सोडून गेलेल्या पंडिताचे चरित्र कशाला, असा प्रश्न काही घरांत उठेल. तो स्वाभाविक आहे. तथापि हा पुरुष कार्तिकाच्या शुद्ध पक्षातच देह ठेवता झाला, आणि त्याच्या आयुष्यात आपणांस विचार करावयास लावील असे पुष्कळ आहे.

नीळकंठ गोरे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीनजीक काशीपुरा येथे झाला. घराणे चित्पावन, उत्तरेत जाऊन प्रतिष्ठेस चढलेले. आजोबा बांद्याच्या नबाबाच्या पदरी कारभारी होते. कुटुंब काशीस राहिले व नीळकंठाचे अध्ययनही तेथेच झाले. न्याय, व्याकरण, वेदान्त यांत त्याची गती लहानपणीच दिसू लागली. घरचे उपासनादैवत शिव; नीळकंठ मात्र स्वतःच्या विचाराने विष्णुभक्तीकडे वळला. पटल्यावाचून काही धरावयाचे नाही आणि पटल्यावर सोडावयाचे नाही, हा स्वभाव येथेच दिसतो.

त्या काळी काशीत विल्यम स्मिथ नावाचे इंग्रज मिशनरी बाजारात उभे राहून उपदेश करीत. त्यांस वादात निरुत्तर करावे म्हणून हा तरुण पंडित त्यांच्याकडे गेला. त्यापूर्वीच, १८३९ साली, जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ रचून आपल्या धर्मावर आक्षेप घेतले होते. त्याला उत्तर देण्यास जे पंडित पुढे सरसावले त्यांत मध्य हिंदुस्थानातील आपले मराठी पंडित सुबाजी बापू होते आणि विशीही न गाठलेला नीळकंठ होता. १८४४-४५ च्या सुमारास त्याने 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा पद्यग्रंथ रचला. तोच आमच्या फडताळातील ग्रंथ. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १९५१ साली, सदाशिव कात्रे यांनी तो उज्जयिनीस संपादून प्रसिद्ध केला. धर्मजिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा. एकाच जन्मातील पापासाठी दयाळू ईश्वर जीवास अनंत काळ नरकात कसा ठेवील, नुकते जन्मलेले अर्भक कोणत्या दोषाने दुःख भोगते, कर्म आणि पुनर्जन्म मानल्यावाचून या विषमतेची संगती कशी लावावयाची, असे त्यातले प्रश्न आजही तितकेच बोचरे आहेत.

आणि ज्याने हे प्रश्न विचारले तोच प्रतिपक्षास जाऊन मिळाला. वाद करता करता त्याचे मन फिरले. मार्च १८४८ मध्ये, काशीत नव्हे तर जौनपुरास, त्याने बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले. काशीच्या त्या वैदिक घरावर काय ओढवले असेल, ते वर्णन करण्याचे कारण नाही. वडील शिवरामपंत स्वतः विरक्त वृत्तीचे, ईश्वरचिंतनात काळ घालविणारे. पत्नी लक्ष्मीबाई काही काळाने पतीच्या मागे आली. १८५३ साली एका कन्येस जन्म देऊन ती लवकरच निवर्तली. ती मुलगी एलेन लक्ष्मी इंग्रज कुटुंबांत वाढली आणि पुढे इंग्रजी भक्तिगीते रचणारी म्हणून नावाजली. बापलेकीचा सहवास मात्र अल्पच घडला. धर्मांतराचा जमाखर्च मांडणारे या मुलीच्या बालपणाची नोंद क्वचितच करतात.

१८५४ साली पदच्युत शीख महाराज दुलीपसिंग विलायतेस निघाले तेव्हा त्यांचे शिक्षक म्हणून नीळकंठशास्त्री बरोबर गेले. ऑक्सफर्डला मॅक्समुल्लर साहेबांची भेट झाली. साहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, हा पंडित त्यांच्याकडे आला तो अत्यंत व्याकुळ स्थितीत. ज्या धर्मासाठी त्याने घर, जात, काशी सारे सोडले, तो धर्म लंडनच्या रस्त्यांवर त्यास कोठेच सापडेना. हेच जर ख्रिस्तीपण असेल तर आपण परत जाऊ इच्छितो, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. त्या क्षणी तो एकटा होता. मागे काशीचे दार बंद, पुढे लंडनचे दृश्य असे!

तो माघारी वळला नाही. १८६० साली त्याने हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहून आपल्या सहाही दर्शनांवर टीका केली. लवकरच त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. त्या ग्रंथाशी आमचे भांडण आहे आणि ते आम्ही लपवीत नाही. निर्गुण ब्रह्म मानले की प्रार्थना करणारा आणि ऐकणारा दोघेही नाहीसे होतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप. आमच्या मते त्याचे उत्तर अमृतानुभवातील अज्ञानखंडनात आहे, आणि अद्वैत मानूनही पंढरीची वाट तुडविणाऱ्या संतांच्या आचरणात तर ते पदोपदी आहे. असो. तो वाद या जागी पुरा होणारा नाही.

मौज अशी की, वादाने गेलेल्या या माणसास वादाने शांती दिली नाही. इंग्लंडच्या राजमान्य धर्मसंस्थेची, म्हणजे अँग्लिकन पंथाची पौरोहित्याची दीक्षा त्याने घेतली ती १८७० साली, बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी. त्यानंतर ऑक्सफर्डजवळील काउली येथे संत जॉनच्या नावाने १८६६ साली निघालेल्या संन्याशांच्या संघात तो दाखल झाला. पण अखेरची शपथ त्याने कधीच घेतली नाही, जन्मभर उमेदवारच राहिला. अनंत नरकासंबंधीची जी शंका त्याने विशीच्या आत पादऱ्यांना विचारली होती, ती पाद्री झाल्यावरही त्याची पाठ सोडीना. तरुणपणीचा पूर्वपक्ष म्हातारपणी अंगावर यावा, याहून नैयायिकाला मोठी शिक्षा कोणती?

मग हा मनुष्य टिकला कशावर? आमचे उत्तर असे की, नेमावर. अँग्लिकन पंथात पुरोहिताने प्रातःकाळची आणि सायंकाळची उपासना रोज केलीच पाहिजे, असा त्यांच्या प्रार्थनापुस्तकाचा दंडक आहे. देवळात दुसरे कोणी आले नाही तरीही. त्या उपासनेत बिशप, पुरोहित आणि त्यांच्या हाती सोपविलेल्या मंडळ्या यांच्यासाठी एक ठरलेली प्रार्थना आहे. काउलीच्या संघात तर दिवसाचे सात प्रहर प्रार्थनेने बांधलेले असत. मीमांसक नित्य, नैमित्तिक आणि काम्य असा कर्माचा भेद करतात. काम्य कर्म इच्छेवर अवलंबून. नित्य कर्म मनात संशय असो वा प्रसन्नता असो, करावयाचेच. गोरेशास्त्र्यांचे मन ज्या दिवशी नरकाच्या प्रश्नावर अडले असेल, त्याही सायंकाळी त्यांना आपल्या मंडळीचे कुशल मागावयाचे होतेच. स्वतःच्या मोक्षाविषयी साशंक असलेल्या माणसाने रोज दोनदा दुसऱ्यांसाठी हात जोडावे, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या सर्व ग्रंथांहून मोठी वाटते.

काउलीच्या संघाचे पुण्यातील ठिकाण म्हणजे गुरुवार पेठेतील पंचहौद. पाण्याच्या पाच हौदांवरून हे नाव पडले. तेथील देऊळ १८८५ सालचे, आणि त्याचे नाव पवित्र नाम देवालय! नाममहिमा सांगत हिंडणाऱ्या आम्हांस या नावाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. पुणेकरांस मात्र पंचहौद आठवते ते चहाच्या भानगडीमुळे. १८९० साली तेथे झालेल्या समारंभात रानडे, टिळक आदी थोर मंडळींपुढे चहा ठेवला गेला, गोपाळराव जोशी यांनी नावे छापविली, ग्रामण्य उठले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि प्रायश्चित्ते झाली. एका पेल्याने अवघी पेठ हलली. त्याच आवारात रोज सकाळ-संध्याकाळ या पेठेतील माणसांसाठी प्रार्थना होत असे, याची वार्ताही कोणी घेतली नाही.

गोरे यांची राहणी अत्यंत साधी होती. अंगावर पुरते वस्त्र, पोटापुरते अन्न, बाकी वेळ ग्रंथ आणि प्रार्थना. विदुषी रमाबाई १८८२ साली पुण्यास आल्या, त्यांच्याशी शास्त्रीबुवांचा परिचय झाला. दोघेही संस्कृतज्ञ, दोघेही शंकेखोर. रमाबाई इंग्लंडात वाँटेज येथे असताना शास्त्रीबुवांच्या लेखनाने त्यांची समजूत पटली आणि सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या आपल्या वाटेने गेल्या, अँग्लिकन अधिकाऱ्यांची शिस्त त्यांना मानवली नाही. तथापि केडगावच्या मुक्तिसदनात पहाटेची सामुदायिक प्रार्थना हाच दिनक्रमाचा कणा राहिला. आमच्याच कीर्तनपरंपरेचा साज ख्रिस्तभक्तीला चढविणारे नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत ख्रिस्ती झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी, कार्तिक शुद्ध पक्षात, सत्तर वर्षांचे होऊन गोरेशास्त्री निवर्तले.

१९७० साली अँग्लिकन मंडळ्या इतर काही पंथांसह उत्तर भारतीय चर्चमध्ये विलीन झाल्या. पंचहौदचे देऊळ आता त्या चर्चकडे आहे.

यंदाही त्रिपुरी पौर्णिमेस कुरवंड्यास काकड्याची समाप्ती आमच्या कीर्तनाने व्हावयाची आहे. पसायदानापूर्वी गावातील घरांची नावे वारांवर वाटून रोज घ्यावीत, असे आम्ही गावकऱ्यांस सुचविले. यादी लांबेल, पोरांना शाळेस उशीर होईल, अशी तक्रार विणेकरीबुवांनी तत्काळ केली. परंतु वही आणून यादी लिहावयास तेच बसले आहेत. लोणावळ्याच्या त्या वृद्ध गृहस्थांचे घरही घ्यावे यावर सर्वांचे एकमत झाले. ते कोणत्या वारी घालावे, एवढेच अद्याप ठरावयाचे आहे. विणेकरीबुवांचे म्हणणे, शनिवारी.