अमळनेरचे साने मास्तर

पंढरपूरचं उपोषण म्हटलं की भाविकांना साने गुरुजी आठवतात. पण हा पुरुष आधी पोरांचा मास्तर होता, ते फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही तेवढंच सांगतो.

नाव पांडुरंग सदाशिव साने. म्हणजे नावातच विठोबा. जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणातल्या पालगडचा. एम. ए. होऊन १९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या शाळेत लागले आणि वसतिगृहही त्यांच्याकडे आलं. मुलं शाळेत गेली की मास्तर त्यांच्या खोल्या झाडीत, पसारा आवरीत. आई घरी करते तसंच.

आणि शिकवणं? भाषा काही नुसती पुस्तकातून येत नाही, हे त्यांनी पुरतं ओळखलं होतं. म्हणून 'छात्रालय दैनिक' काढलं. छापखाना कुठला, सगळं हातानं लिहिलेलं! दिवसभर शाळा, आणि वर रोज हे लिहिणं. आम्हाला तर महिन्याचा अंक वेळेवर काढताना नाकी नऊ येतात. आपल्याच वसतिगृहातल्या गोष्टी कागदावर आलेल्या पाहिल्या की मुलांत त्यावर बोलणं निघे. निबंधाला विषय शोधावा लागत नसे. पुढे 'विद्यार्थी' नावाचं मासिकही त्यांनी चालवलं.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहासाठी नोकरी सोडली, शिकवणं मात्र सुटलं नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, तेव्हा मास्तर खाली बसून विद्यार्थ्यासारखे उतरवून घेत. 'गीता प्रवचने' आपल्या हाती आली ती त्या लेखणीमुळे. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. बेचाळीस रात्री, रोज एक गोष्ट, भोवती ऐकणारे मित्र. आम्हाला त्यात वसतिगृहाचाच वास येतो.

मग १९४७. हरिजनांना विठ्ठलमंदिर खुलं व्हावं म्हणून आधी काही महिने गावोगाव हिंडून लोकांना समजावलं, तेही मास्तरकीच्याच रीतीनं. भागलं नाही तेव्हा १ मे रोजी पंढरीत उपोषणाला बसले. विरोध करणारांत आपल्या माळकऱ्यांपैकीही काही होते, ते लपवण्यात अर्थ नाही. पण जागा दिली तीही एका वारकऱ्यानंच, तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. बडव्यांनी दार उघडायचं कबूल केलं, मगच उपोषण सुटलं.