देवाचा दरबार मांडणारा कवी

जानेवारी २०२० मध्ये आमच्या धाराशिवात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. साहित्यनगरीला तेरच्या संत गोरोबाकाकांचे नाव होते आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एका धर्मगुरूच्या निवडीस काहींनी विरोधही केला. त्या चर्चेमुळेच मी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्राकडे वळलो. संतांची वाट आणि ख्रिस्ताची वाट या दोहोंची गाठ घालण्यासाठी हा माणूस आयुष्यभर झिजला.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन कुटुंबात झाला. वृत्ती कवीची, पायाला भिंगरी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता मन पालटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही मुद्दाम एका भारतीय पाळकाच्या हातून. घरच्यांनी टाहो फोडला. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. पुढे त्या नगरला आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

नगरचे काम समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले, १८३३ मध्ये तेथे पहिली मंडळी स्थापन झाली आणि पुढे सोलापूर-बार्शीपर्यंत काम पसरले. एका मंडळीतून दुसरी, एका गावातून शेजारच्या गावात, अशी ही वाढ होती. बहुतेक सभासद महार-मांग समाजातले, हातावर पोट असलेले. शाळामास्तर किंवा पाळक यांचा पगार मिशनकडून येई. उपासनेतल्या पुष्कळ गीतांना चाली विलायती होत्या.

१९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा घेतलेल्या टिळकांना हेच खुपत होते. मंडळ्यांची संख्या वाढते, पण त्या आपल्या मातीत रुजतात का? परक्या पैशावर उभे राहिलेले घर आपले कसे म्हणावे? त्यांनी अभंग, पदे, भजने रचली. नगरकडे आधीच सुरू झालेल्या ख्रिस्ती कीर्तनात जीव ओतला. तुकोबांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मला हे पाऊल फार धाडसाचे वाटते. संसार पदरी असताना, पंचावन्नी उलटल्यावर, ठरलेली मिळकत सोडणे सोपे नव्हते. त्याची झळ लक्ष्मीबाईंना किती लागली असेल, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगायला नको.

दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. मग प्रयत्न फसला म्हणायचा का? संघटना म्हणून फसला, हे मान्यच केले पाहिजे. एकट्याच्या तेजावर उभी राहिलेली संस्था तो गेला की मावळते. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी चर्चमध्ये आजही मराठी चालींवर टिळकांची गीते गायिली जातात. नवी मंडळी उभी करताना आधी भाषा आपली हवी, हा त्यांचा आग्रह गीतांतून पोहोचला. मिशनच्या हिशेबवहीत ही वाढ कोठे मांडायची, हे मात्र मला सुचत नाही.

‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्याचा मोठा भाग पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिला. लग्नानंतर नवऱ्याकडूनच कसेबसे लिहा-वाचायला शिकलेल्या त्या बाईने!