कामगारांचे कैवारी कार्डिनल मॅनिंग

हेन्री एडवर्ड मॅनिंग ह्यांचा जन्म १५ जुलै १८०८ रोजी इंग्लंडमधील एका सधन घराण्यात झाला. त्यांचे वडील बडे व्यापारी, संसदसदस्य व काही काळ बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर होते. पुढे १८३१ साली त्यांचे दिवाळे निघाले. ऑक्सफर्ड येथील शिक्षणानंतर हेन्री अँग्लिकन धर्मगुरू झाले. १८३७ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. १८५१ मध्ये त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. १८६५ साली ते वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप व १८७५ साली कार्डिनल झाले.

त्यांच्या कळपात गरीब आयरिश मजुरांची संख्या मोठी होती. १८७४ साली लीड्स येथील व्याख्यानात त्यांनी श्रम हेही भांडवलच असल्याचे प्रतिपादन केले. आपले श्रम कोणत्या अटींवर द्यावेत हे ठरविण्याचा आणि त्यासाठी संघटित होण्याचा कामगारास हक्क आहे, अशी त्यांची धारणा होती.

ह्या विचारांची कसोटी १८८९ साली लागली. लंडनच्या गोदीत हंगामी मजूर रोज फाटकापाशी कामासाठी गर्दी करीत. काम मिळाले तरी ते तासा-दोन तासांतच संपे. १४ ऑगस्ट रोजी संप सुरू झाला. ताशी पाचऐवजी सहा पेन्स मजुरी आणि बोलावल्यास किमान चार तासांचे काम, ह्या प्रमुख मागण्या होत्या. बेन टिलेट, जॉन बर्न्स व टॉम मान ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे एक लाख कामगार संपात उतरले. घरोघरी उपासमार सुरू झाली. तेव्हा ऑस्ट्रेलियातील कामगारांनी व नागरिकांनी धाडलेल्या तीस हजारांहून अधिक पौंडांमुळे संप तगला.

८१ वर्षांचे कार्डिनल मध्यस्थीस पुढे सरसावले. नवा दर जानेवारीपासून देण्याची कंपन्यांची तयारी होती. कामगारांना तितका विलंब मान्य नव्हता. १० सप्टेंबर रोजी पॉप्लर येथील कॅथलिक शाळेत मॅनिंग ह्यांनी संपाच्या पुढाऱ्यांशी दीर्घकाळ चर्चा केली व ४ नोव्हेंबर ही तारीख त्यांच्या गळी उतरविली. पुढे कंपन्यांनीही ती स्वीकारली. १६ सप्टेंबर रोजी गोदी पुन्हा गजबजली.

संपामुळे मालकांना मजुरांचे म्हणणे ऐकणे भाग पडले. परंतु तडजोड घडली ती उभय पक्षांचा विश्वास लाभलेल्या व्यक्तीमुळे. त्यानंतर अकुशल मजुरांच्या संघटना झपाट्याने वाढल्या. १८९१ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी 'रेरुम नोव्हारुम' ह्या परिपत्रकाद्वारे कामगारांचा संघटनेचा हक्क व न्याय्य वेतन ह्यांचा पुरस्कार केला. १४ जानेवारी १८९२ रोजी मॅनिंग ख्रिस्तवासी झाले, तेव्हा लंडनमधील श्रमिकांची अलोट गर्दी त्यांना अखेरचा निरोप देण्यास लोटली.

आजही रोजंदारीवर वा कंत्राटावर राबणाऱ्यांना उद्याच्या कामाची शाश्वती नसते. आपल्या धर्मग्रामातही असे बंधुभगिनी आहेत. त्यांची बाजू न्यायाने समजून घेणे, हीच ह्या थोर मेंढपाळास खरी आदरांजली ठरेल.