परीक्षकाच्या खुर्चीतील संगीतकार : लुईजी देन्झा

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांत गायनस्पर्धांना बहर येतो. गायनवृंद महिना महिना तालीम करतात, पेटीवाला आणि गिटारवाला रात्री उशिरापर्यंत थांबतात, आणि स्पर्धेच्या संध्याकाळी पहिल्या रांगेत कागद-पेन घेऊन बसलेल्या दोन-तीन परीक्षकांकडे साऱ्यांचे डोळे लागतात. निकाल जाहीर झाला की एका कोपऱ्यातून टाळ्या येतात आणि दुसऱ्या कोपऱ्यातून कुजबुज. परीक्षकाला गाण्यातले काही कळत नाही, येथपासून परीक्षक कोणाच्या नात्यातला आहे, येथपर्यंत ही कुजबुज जाते. गाणाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. गाणे तोलणाऱ्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून आज आम्ही अशा एका संगीतकाराचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, ज्याचे एक गाणे साऱ्या जगाने गायिले आणि ज्याने डब्लिनच्या एका संगीतोत्सवात परीक्षक म्हणून दिलेला निकाल शंभर वर्षे उलटून गेल्यावरही आठवला जातो.

लुईजी देन्झा यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८४६ रोजी दक्षिण इटलीत, नेपल्सच्या उपसागराकाठी वसलेल्या कास्तेल्लामारे दी स्ताबिया या गावी झाला. समोर समुद्र आणि नजरेच्या टप्प्यात व्हेसूव्हियसचा ज्वालामुखी, असा हा मुलूख. संगीताचे शिक्षण त्यांनी नेपल्सच्या प्रसिद्ध संगीत विद्यालयात घेतले. तेथे त्यांना पाओलो सेर्राओ आणि साव्हेरियो मेर्कादांते यांचे मार्गदर्शन लाभले. मेर्कादांते हे त्या विद्यालयाचे संचालक व नामांकित ऑपेराकार. १८६२ साली त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली होती, तरी त्यांनी विद्यालयाची धुरा अखेरपर्यंत वाहिली. ज्याला गाणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, पोशाख दिसत नाही, केवळ स्वर ऐकू येतो, अशा गुरूच्या छायेत देन्झा यांची घडण झाली. पुढे परीक्षक होणाऱ्या माणसाला याहून चांगली पाठशाळा कोणती मिळणार?

तरुण देन्झा यांनाही त्या काळच्या प्रत्येक इटालियन संगीतकाराप्रमाणे ऑपेराचीच ओढ होती. १८७६ साली त्यांचा ‘वालेनस्टाइन’ हा ऑपेरा नेपल्समध्ये रंगमंचावर आला; परंतु तो टिकला नाही. मोठ्या रंगमंचाने नाकारल्यावर देन्झा छोट्या गीतांकडे वळले आणि तेथे मात्र त्यांना आपली वाट सापडली. आयुष्यभरात त्यांनी पाचशेहून अधिक गीतांना चाली दिल्या. घरच्या दिवाणखान्यात एकाने पियानो वाजवावा आणि दुसऱ्याने गावे, अशी ही गीते युरोपभर गायिली जाऊ लागली.

त्यांतील एका गीताने इतर सर्वांना झाकून टाकले. जून १८८० मध्ये व्हेसूव्हियसच्या उतारावर प्रवाशांना शिखराजवळ नेणारी दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली. अशा रेल्वेला फ्युनिक्युलर म्हणतात; आपल्याकडे वणीच्या सप्तशृंग गडावर भाविकांना वर नेणारी गाडी याच जातीची. धुमसत्या डोंगरावर गाडीत बसून चढायचे, ही कल्पना लोकांना विलक्षण वाटली. पत्रकार पेप्पिनो तुर्को यांनी नेपल्सच्या बोलीत या गाडीवर गीत रचले आणि देन्झा यांनी त्याला चाल दिली. प्रेयसीला डोंगरावर येण्याचे आमंत्रण देणारा तरुण अखेरीस तिला लग्नाची मागणी घालतो, एवढाच त्याचा साधा आशय. ‘फुनिकुली, फुनिकुला’ हे त्याचे नाव.

हे गीत कास्तेल्लामारे येथे प्रथम गायिले गेले आणि त्याच वर्षी नेपल्सच्या पिएदिग्रोत्ता उत्सवात ते लोकांपुढे आले. या उत्सवाविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. आठ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, पिएदिग्रोत्ता येथील मरियामंदिरात हा सण साजरा होतो. त्याच सणाच्या निमित्ताने वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा भरते, हे वाचकांना सांगायला नको. पिएदिग्रोत्ताला एकोणिसाव्या शतकात एक आगळी प्रथा पडली होती. संगीतकारांनी नवी गीते घेऊन यावीत आणि लोकांनी त्यांतले आवडेल ते उचलावे. तेथे परीक्षक कोणी एक नव्हता, सारा जमाव हाच परीक्षक होता. त्या जमावाने देन्झा यांचे गीत उचलले. मिलानच्या रिकोर्दी प्रकाशनसंस्थेने ते छापले आणि वर्षभरात त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. स्थानिक उत्सवात आपली कलाकृती दुसऱ्यांच्या पारड्यात टाकताना छातीत होणारी धडधड देन्झा यांनी स्वतः अनुभवली होती, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू या.

गीत इतके सर्वांचे झाले की ते कोणा एकाचे आहे, हेच लोक विसरले. जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउस १८८६ साली इटलीच्या प्रवासाला आले. तेव्हा ते बाविशीच्या उंबरठ्यावर होते. रस्तोरस्ती ऐकू येणारी ही चाल त्यांना नेपल्सचे जुने लोकगीत वाटली आणि आपल्या ‘आउस इटालिएन’ या वाद्यवृंदरचनेच्या शेवटच्या भागात त्यांनी ती योजिली. देन्झा यांनी दावा लावला, आणि श्ट्राउस यांना मोबदला द्यावा लागला. पुढे १९०७ साली रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनीही नेमकी हीच चूक केली. आपली रचना लोकगीत ठरावी यासारखा सन्मान नाही, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याचे श्रम आहेत त्याच्या नावावर ते जमा व्हावेत, हा न्यायाचा साधा हिशेब आहे. गोडव्याने हिशेब चुकता होत नाही, हे देन्झा यांना ठाऊक होते.

पुढे देन्झा लंडनला स्थायिक झाले. तेथे त्यांनी गायनशिक्षक म्हणून नाव कमावले, आणि १८९८ साली रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक या संस्थेत गायनाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. शिकविणारा माणूस परीक्षक होतो, तेव्हा त्याचा कान दोन कामे करतो. आज गळ्यात काय आहे ते तो ऐकतो आणि उद्या त्यातून काय घडू शकेल तेही ऐकतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हीच परीक्षकाची खरी कसोटी होय. देन्झा यांच्यासमोर ती १९०४ साली उभी राहिली.

डब्लिन शहरात १८९७ पासून ‘फेश क्योल’ नावाचा संगीतोत्सव दरवर्षी भरतो. आयरिश भाषेत त्याचा अर्थ संगीताचा उत्सव एवढाच. आयरिश संगीताला नवसंजीवनी मिळावी या हेतूने तो सुरू झाला. गायन, वादन अशा विविध विभागांत तेथे स्पर्धा होतात. १९०३ साली पुरुषांच्या टेनर आवाजाच्या स्पर्धेत अवघ्या अठरा वर्षांच्या जॉन मॅकॉर्मॅक या तरुणाने सुवर्णपदक मिळविले. हा तरुण डब्लिनच्या कॅथलिक प्रो-कॅथीड्रलमधील पॅलेस्ट्रीना गायनवृंदात व्हिन्सेंट ओब्रायन यांच्या हाताखाली गात असे. त्याचे यश पाहून त्याच्या ओळखीच्या आणखी एका तरुणाने पुढल्या वर्षी स्पर्धेत उतरण्याचे ठरविले. त्याचे नाव जेम्स जॉइस. वय बावीस; शिक्षण येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळांत; खिसा रिकामा आणि आवाज मात्र गोड. त्याने पालमिएरी या शिक्षकाकडे व नंतर ओब्रायन यांच्याकडे धडे घेतले.

१६ मे १९०४ रोजी स्पर्धा झाली. परीक्षक होते लुईजी देन्झा. नियम असा होता की प्रत्येक स्पर्धकाने नेमून दिलेली गीते गावीत आणि त्यानंतर पूर्वी न पाहिलेली स्वरलिपी हाती आल्यावर ती तेथल्या तेथे वाचून गावी. जॉइसने दोन्ही गीते सुरेख गायिली. देन्झा यांच्या मनात सुवर्णपदक त्यालाच द्यावयाचे होते, असे जॉइसचे चरित्रकार सांगतात. मग स्वरलिपीचा कागद पुढे आला. असे वाचन जॉइसला जमत नव्हते. त्याने प्रयत्नही केला नाही. मान हलवून नकार दिला आणि तो सरळ व्यासपीठावरून चालता झाला.

अशा वेळी परीक्षकापुढे दोन मोह उभे राहतात. पहिला मोह हा की आवाज इतका चांगला आहे तर एका कागदासाठी काय अडायचे, म्हणून नियमाकडे कानाडोळा करावा. दुसरा मोह याच्या उलट. पोराने भर सभेत पाठ फिरविली, तर त्याला चांगला धडा शिकवावा. पहिल्या मोहाला दया म्हणण्याची आपल्याला सवय आहे आणि दुसऱ्याला शिस्त. वस्तुतः दोन्हीही अन्यायच. पहिल्याने ज्या स्पर्धकांनी घाम पुसत तो अनोळखी कागद वाचून दाखविला त्यांच्यावर अन्याय होतो, दुसऱ्याने त्या नकार देणाऱ्या तरुणावर.

देन्झा यांनी दोन्ही मोह बाजूला ठेवले. नियमानुसार त्यांनी जॉइसला पदकाबाहेर ठेवले. पुढे विजेत्यांपैकी एक जण अपात्र ठरल्यामुळे जॉइसला कांस्यपदक मिळाले, तेही नियमानेच. परंतु देन्झा तेवढ्यावर थांबले नाहीत. आपल्या अहवालात त्यांनी या तरुणाने गायनाचे गंभीरपणे शिक्षण घ्यावे अशी आग्रहाची शिफारस केली. पालमिएरी यांच्यापाशी तर त्यांनी त्याच्या आवाजाची इतकी वाखाणणी केली की ज्या शिक्षकाचे शुल्क जॉइसला परवडले नव्हते, तोच शिक्षक त्याला तीन वर्षे विनाशुल्क शिकविण्यास तयार झाला. पुढील दहा वर्षांच्या गायनातील मिळकतीचा काही वाटा द्यावा, एवढीच त्याची अट होती. जॉइसने ती संधी घेतली नाही.

आमच्या मते देन्झा यांच्या चरित्रातील हा प्रसंग त्यांच्या जगप्रसिद्ध गीताइतकाच मोलाचा आहे. गुणपत्रिकेत त्यांनी न्याय ठेवला आणि माया गुणपत्रिकेबाहेर ठेवली. न्यायासाठी त्यांनी मायेला रजा दिली नाही, की मायेसाठी न्यायाला वाकविले नाही. दोघांना आपापली जागा दिली. अपमान झाला असे मानण्यास पुरेपूर कारण असलेला अठ्ठावन्न वर्षांचा नामवंत प्राध्यापक एका उद्धट तरुणासाठी शब्द टाकतो, यात त्याचे मोठेपण दिसते.

कोणी विचारील की या नियमामुळे जगाने एक चांगला गायक गमावला नाही काय? तसे म्हणणे सोपे आहे. परंतु जॉइसची वाट निराळीच होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने डब्लिन सोडले आणि पुढे तो विसाव्या शतकातील अग्रगण्य कादंबरीकार झाला. त्याच्या ‘युलिसीस’ या कादंबरीतील सारे कथानक १६ जून १९०४ या एका दिवसात घडते. स्पर्धेनंतर नेमक्या एका महिन्याने. मॅकॉर्मॅक मात्र गायकच राहिला. १९०७ साली तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर उभा राहिला, १९२८ साली पोप अकरावे पायस यांनी त्याला काउंट ही पदवी बहाल केली, आणि १९३२ साली डब्लिनच्या आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेसमध्ये फिनिक्स पार्कच्या विराट जनसमुदायापुढे त्याने ‘पानिस आंजेलिकुस’ गायिले. १९६४ साली मुंबईत भरलेली काँग्रेस ज्यांनी पाहिली असेल, त्यांना त्या दृश्याची कल्पना येईल. कोण कोठे पोहोचणार हे परीक्षकाला दिसत नसते. ते पाहणे त्याचे काम नाही. समोर जे गायिले गेले ते प्रामाणिकपणे तोलणे आणि जेथे बीज दिसेल तेथे ते बोलून दाखविणे, एवढेच त्याच्या हाती असते.

जानेवारी १९२२ मध्ये लंडन येथे देन्झा यांचे निधन झाले. योगायोग असा की त्यानंतर काही दिवसांतच, २ फेब्रुवारी रोजी, पॅरिसमध्ये ‘युलिसीस’ प्रसिद्ध झाली. व्हेसूव्हियसवरील ती रेल्वे १९०६ च्या उद्रेकात उद्ध्वस्त झाली, पुन्हा बांधली गेली आणि १९४४ च्या उद्रेकानंतर कायमची बंद पडली. गाडी गेली, गाणे उरले.

आपल्या धर्मग्रामांतील स्पर्धांसाठी या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आयोजकांनी नियम आधी लिहून द्यावेत आणि ते सर्वांना सारखे लावावेत. परीक्षकांनी केवळ आकडे वाचून उठू नये; हरलेल्या गायनवृंदापाशी जाऊन काय चांगले होते आणि काय सुधारायचे ते मोकळेपणाने सांगावे. गुण ओळखला तर त्या मुलासाठी, त्या मुलीसाठी एखाद्या शिक्षकाकडे शब्द टाकावा. आणि आपण गाणाऱ्यांनी व ऐकणाऱ्यांनी निकालानंतरची कुजबुज आवरावी. आपल्या गावात दरवर्षी किती चषक वाटले गेले हे कोणी लक्षात ठेवणार नाही. हरलेल्या किती जणांना आपण पुन्हा गायला उभे केले, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला जरूर विचारावा.