होमी भाभा आणि गळ्यातली ग्रंथी

होमी भाभा म्हटलं की अणुभट्टी आठवते. पण थायरॉईडने बेजार झालेल्या बाईचंही त्यांच्याशी नातं आहे, मग ती मुंबईची असो की आपल्या जळगाव-धुळ्याकडची!

होमींचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९चा, मुंबईतल्या सधन पारशी घरातला. मुलाने इंजिनिअर व्हावं म्हणून वडिलांनी केंब्रिजला धाडलं. होमींनी ती पदवी घेतली, पण जीव रमला पदार्थविज्ञानात. चित्रं काढण्याचाही भारी नाद. लग्न मात्र केलं नाही. १९३९ साली सुटीत घरी आले, महायुद्ध पेटलं आणि ते इथलेच झाले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. १९५६ साली तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली.

अणूचा उपयोग दवाखान्यातही व्हावा, ही त्यांची तळमळ. त्यातूनच १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालं. तिथे थायरॉईडच्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन देऊ लागले.

ग्रेव्हज आजारात आपलीच प्रतिकारशक्ती या ग्रंथीला चिथावते. मग छाती धडधडते, हात थरथरतात, वजन उतरतं. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. ही ग्रंथी आयोडीन ओढून घेते, त्यासोबत हे औषधही थेट तिच्यात जातं आणि तिचा जोर मोडतं. दर आठ दिवसांनी त्याची ताकद निम्मी होते.

मग एक्स-रे काढल्यानेही थायरॉईड बिघडतो का? ही धास्ती अनेकींना असते. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांची मोठी तपासणी २००६ साली प्रसिद्ध झाली. किरणांमुळे ग्रंथीत गाठी वाढलेल्या दिसल्या, पण प्रतिकारशक्तीतून होणाऱ्या थायरॉईडशी किरणांचा संबंध आढळला नाही. म्हणून गरजेच्या एक्स-रेला घाबरून तो टाळू नका.

आयोडीनच्या उपचाराचं पथ्य मात्र कडक. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तो घेता येत नाही, नंतरही निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. डोळे पुढे आले असतील तर ते आधीच सांगा. पुढे बहुतेकींची ग्रंथी मंदावते आणि रोजची गोळी जन्मभर लागते. ती गोळी मनाने बंद करू नका.

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर विमान आदळून होमी गेले. वय अवघं छप्पन्न. परळचं केंद्र तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं होतं. त्यांच्या माघारी ते वाढलं आणि हजारो बायकांच्या गळ्याचं दुखणं तिथे हलकं झालं.