रेव्हरंड फर्डिनांड किट्टेल : धारवाड-हुबळीची उमेदवारी

बंगळूरच्या महात्मा गांधी रस्त्यावर, मेयो हॉलच्या परिसरात, एका जर्मन धर्मोपदेशकाचा पुतळा उभा आहे. शहराच्या ऑस्टिन टाउन या भागालाही त्यांचे नाव देऊन किट्टेल नगर म्हटले गेले. कन्नड भाषेचा प्रचंड कोश सिद्ध करणारे रेव्हरंड फर्डिनांड किट्टेल ते हेच. कोशकार म्हणून त्यांची कीर्ती सर्वतोमुखी झाली. परंतु ज्या वर्षांत या कार्याचे बीज पडले, ती धारवाड आणि हुबळीची वर्षे मात्र तितकीशी परिचित नाहीत. तो मुलूख त्या काळी मुंबई इलाख्यात होता आणि सरकारी दप्तरात त्याला दक्षिण मराठा प्रांत म्हणत. त्यामुळे त्या दिवसांचा वृत्तांत मराठी वाचकालाही आपल्या अंगणातला वाटावा असा आहे.

किट्टेल यांचा जन्म 1832 साली जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील पूर्व फ्रीसलंड प्रांतात रेस्टरहाफे या खेड्यात झाला. वडील गॉटफ्रीड किट्टेल हे पाद्री होते. घरात धर्माचे आणि विद्येचे वातावरण असल्यामुळे लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या प्राचीन भाषांशी फर्डिनांड यांचा लहानपणीच परिचय झाला. विद्यार्थिदशेत लागलेली ही भाषांची गोडी पुढे आयुष्यभर टिकली. 1850 मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल येथील मिशनच्या विद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला आणि तेथील शिक्षणानंतर 1853 साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांची हिंदुस्थानात रवानगी झाली.

बासेल मिशनचे काम 1834 साली मंगळूरला सुरू झाले होते. तेथे 1841 मध्ये छापखाना निघाला. 1843 मध्ये हेर्मान मोग्लिंग यांनी ‘मंगळूर समाचार’ हे कन्नडमधील पहिले वृत्तपत्र काढले. पुढे याच मिशनने कौलांचा कारखाना उभारला आणि मंगळुरी कौले कोकणपट्टीतील घराघरांवर चढली. घाटावर धारवाड आणि हुबळी येथेही मिशनची ठाणी होती. तरुण किट्टेल यांच्या वाट्याला हाच प्रदेश आला.

त्या मुलखाची भाषिक स्थिती मोठी विलक्षण होती. 1818 मध्ये पेशवाई संपून तेथे इंग्रजी अंमल आला, तरी कचेऱ्यांतील कारभारावर मराठीची छाप कायम होती. नव्या सरकारी शाळाही बहुतांशी मराठीच निघाल्या. घरी, शेतात आणि बाजारात कन्नड बोलणारी मुले शाळेत येताच मराठी पुस्तक हाती घेत. हा विपर्यास दूर करून कन्नड मुलांना कन्नडमधून शिक्षण मिळावे म्हणून शिक्षणखात्यातील डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी त्याच काळात जिवाचे रान केले. म्हणजे किट्टेल तेथे पोहोचले तेव्हा ज्या भाषेची सेवा त्यांच्या हातून घडायची होती, ती आपल्याच घरात उपेक्षित होती.

धर्मोपदेश करावयाचा तर लोकांची भाषा आली पाहिजे, हा बासेल मिशनचा दंडक होता. नवागतांना पहिली वर्षे भाषाभ्यासासाठीच दिली जात. किट्टेल यांनी हा अभ्यास केवळ कर्तव्य म्हणून केला नाही. पुस्तकी कन्नडवर त्यांचे समाधान होईना. लोक घरात, रस्त्यावर, शेतात जे बोलतात ते कानांनी टिपावे आणि त्यांच्या म्हणी, वाक्प्रचार व गाणी समजून घ्यावीत, असा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी घोड्यावर बसून गावावरून निघून जाण्यापेक्षा पायी चालत जाणे त्यांना अधिक योग्य वाटे. ग्रामस्थांशी समपातळीवर भेट व्हावी ही त्यामागील धारणा होती.

याच धारणेतून त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा पेच उभा राहिला. आपले ज्येष्ठ सहकारी युरोपीय थाटाच्या बंगल्यांत राहतात, एतद्देशीयांपासून अंतर राखतात आणि मग आपला उपदेश त्यांच्या अंतःकरणापर्यंत पोहोचत नाही म्हणून खेद करतात, ही विसंगती त्यांना डाचू लागली. हिंदी लोकांमध्ये कार्य करणाऱ्याने हिंदी होऊन राहिले पाहिजे, असे त्यांचे ठाम मत बनले. वीस-बावीस वर्षांच्या नवख्या तरुणाने हे उघडपणे मांडावे, हे वडीलधाऱ्यांना रुचणे कठीणच होते. कागाळ्या बासेलपर्यंत गेल्या. कमिटीची नाराजी ओढवली. शिस्त हा त्या संस्थेचा कणा होता आणि वरिष्ठांशी मतभेद हा तेथे दोष गणला जाई. अखेर किट्टेल यांना धारवाडचा मुलूख सोडावा लागला. पुढील काळात निलगिरी, मंगळूर, कोडगू असे त्यांचे मुक्काम होत गेले.

बाह्यदृष्ट्या हे अपयशच होते. धर्मप्रसाराच्या हिशेबात त्या वर्षांची जमेची बाजू रोडकीच दिसली असती. परंतु प्रवचनाच्या क्षेत्रात जे साधले नाही त्याची भरपाई विद्येच्या क्षेत्रात झाली. मिशनने त्यांच्या भाषाज्ञानाची कदर करून त्यांना लेखन-ग्रंथप्रकाशनाच्या कामाकडे वळवले आणि त्यांच्या खऱ्या कार्याला आरंभ झाला.

1862 साली त्यांचे ‘कथामाले’ प्रसिद्ध झाले. येशूचे चरित्र त्यांनी कन्नडच्या देशी, गेय पद्यशैलीत गुंफले. मराठी वाचकांना येथे फादर स्टीफन्स यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. 1579 मध्ये गोव्यात उतरलेल्या त्या इंग्रज जेझुइटाने साष्टीत राहून मराठी आत्मसात केली आणि ओवी छंदात ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 साली छापले गेले. दोघांच्या पंथांत आणि काळात मोठे अंतर होते. तरी लोकांच्या कानांना ओळखीची असलेली चाल धरल्याखेरीज नवा विषय त्यांच्या मनात शिरत नाही, ही दोघांचीही खूणगाठ एकच होती.

या काळात किट्टेल यांना कौटुंबिक दुःखही सोसावे लागले. 1860 मध्ये त्यांचा विवाह पॉलीन आइट यांच्याशी झाला. पण अवघ्या चार वर्षांत, 1864 मध्ये, त्या निवर्तल्या. पुढे 1867 साली त्यांनी पॉलीन यांच्याच भगिनी यूली यांच्याशी विवाह केला. अशा आघातांतही त्यांचे अध्ययन सुटले नाही. जुन्या हस्तलिखितांचा शोध घेऊन त्यांनी केशिराजाचे व्याकरण ‘शब्दमणिदर्पण’ 1872 मध्ये आणि नागवर्माचा छंदःशास्त्रावरील ग्रंथ 1875 मध्ये संपादून प्रसिद्ध केला. शाळांसाठी कन्नड काव्यवेचेही त्यांनी तयार केले.

मात्र त्यांच्या आयुष्याचे सार्थक झाले ते कन्नड-इंग्रजी कोशाने. जवळजवळ दोन दशकांच्या परिश्रमांनंतर 1894 मध्ये मंगळूरच्या बासेल मिशन छापखान्यातून तो बाहेर पडला. सुमारे 70,000 शब्दांचा हा कोश अभिजात काव्यातील उपयोग देतो, तमिळ, तेलुगू, मल्याळम, तुळू या भगिनीभाषांतील रूपे दाखवतो आणि म्हणींचा भरघोस साठा पुढे ठेवतो. मराठीतून कन्नडमध्ये आलेल्या शब्दांवरही त्यांनी तशी खूण केली आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, प्रांतपरत्वे शब्द कोठे चालतो हेही त्यांनी संक्षेपाक्षरांनी नोंदवले आहे. म्हैसुराकडील शब्दांना एक खूण आहे, तर दक्षिण मराठा प्रांतातील शब्दांना दुसरी. धारवाडकडील बोलीला विद्वानांच्या कोशात असे मानाचे पान मिळाले. तरुणपणी ज्या मुलखात त्यांची पावले अडखळली, त्याची भाषा त्यांच्या ग्रंथात कायमची मुक्कामाला आली.

ट्यूबिंगन विद्यापीठाने 1896 मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. 1903 साली त्यांचे कन्नड व्याकरण प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ट्यूबिंगन येथे त्यांनी देह ठेवला. धारवाडमध्ये आज त्यांच्या नावाची महाविद्यालये आहेत. ज्या शहरातून त्यांना नाराजीचा निरोप मिळाला होता, तेथील विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे नाव घेऊन शिकत आहेत.

किट्टेल ज्या श्रद्धेने आले होते ती प्रत्येकाची असेलच असे नाही. त्यांचा धर्मप्रसाराचा उद्देशही सर्वांना मान्य होणार नाही. परंतु परक्या मुलखात पाऊल ठेवणाऱ्याने तेथील माणसांशी कसे वागावे, याचा त्यांनी घालून दिलेला धडा निर्विवाद आहे. आज मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी बंगळूरसारख्या शहरांत स्थायिक होतात. मातृभाषेचा दिवा घरात तेवत ठेवणे हे त्यांचे कर्तव्य आहेच. त्याच्या जोडीला शेजाऱ्याची भाषा आपुलकीने शिकणे हेही तितकेच अगत्याचे आहे. मातृभाषेतून शिकलेल्या मुलाला दुसऱ्याच्या मातृभाषेचे मोल लवकर उमगते. ज्या शाळेने आपल्या विद्यार्थ्यांना स्वभाषेचा अभिमान दिला, तिच्या विद्यार्थ्यांनी जेथे जातील तेथील भाषेचा मान राखावा, यापरते त्या संस्काराचे दुसरे सार्थक कोणते?