कोलिमाचा छळ आणि कोरोलेव्ह यांचा मृत्यू

युरी गागारीन हे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण १२ एप्रिल १९६१ रोजी बायकोनूरच्या तळावरून रेडिओवर त्यांच्याशी बोलणारा माणूस कोण, हे तेव्हा सोव्हिएत जनतेलाही माहीत नव्हते. ते होते सर्गेई कोरोलेव्ह. वर्तमानपत्रांत त्यांचा उल्लेख फक्त 'मुख्य रचनाकार' असा होई.

त्यांचा जन्म १९०७ साली युक्रेनमधील झितोमिरचा. विमानांच्या वेडापायी ते मॉस्कोत अभियांत्रिकी शिकले आणि पुढे अग्निबाणांकडे वळले. जून १९३८ मध्ये स्टालिनच्या गुप्त पोलिसांनी त्यांना खोट्या आरोपांवर पकडले. चौकशीतील मारहाणीत त्यांचा जबडा मोडला, असे चरित्रकार सांगतात. नंतर त्यांची रवानगी अतिपूर्वेकडील कोलिमा भागातल्या सोन्याच्या खाणीवर झाली.

तिथे उपासमार, कडाक्याची थंडी आणि वर स्कर्व्ही. 'क' जीवनसत्त्व नसेल तर शरीराला कोलॅजेन हा बांधणीचा पदार्थ नीट तयार करता येत नाही. रक्तवाहिन्या कमकुवत होतात, हिरड्यांतून रक्त येते, दात हलून पडतात. कोरोलेव्ह यांचेही अनेक दात गेले. ज्या रोगावर लिंबू किंवा आवळा पुरतो, त्याने एक तरुण अभियंता खिळखिळा झाला. १९४० मध्ये त्यांना कैदी अभियंत्यांच्या कार्यालयात आणले गेले. सुटका झाली ती १९४४ मध्ये.

पुढे १९५७ चा स्पुटनिक त्यांच्याच नेतृत्वाखाली उडाला. माणूस पाठवताना मात्र त्यांनी घाई केली नाही. मार्च १९६१ मध्ये कुत्री आणि मानवी पुतळा घेऊन दोन याने लागोपाठ सुखरूप परतली, तेव्हाच गागारीन यांची पाळी आली. वजनरहित अवस्थेत माणसाचे भान सुटेल, अशी भीती डॉक्टरांना होती. म्हणून यान स्वयंचलित ठेवले आणि हाताने चालवण्याची कळ सांकेतिक आकड्याने बंद केली. तो आकडा पाकिटात घालून यानातच ठेवला होता. १०८ मिनिटांत गागारीन परतले.

दुसऱ्याच्या जिवाला इतके जपणाऱ्या या माणसाने स्वतःकडे मात्र पाहिले नाही. डिसेंबर १९६० मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. काम कमी करा, असे डॉक्टरांनी बजावले. ते थांबले नाहीत.

१४ जानेवारी १९६६ रोजी मॉस्कोत गुदाशयातील एका गाठीसाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. एकोणसाठावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. साधी वाटलेली शस्त्रक्रिया लांबली, कारण आत कर्करोगाची मोठी गाठ निघाली. जबडा पुरेसा उघडत नसल्याने श्वासनलिकेत नळी घालता आली नाही, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. थकलेल्या हृदयाला तो ताण झेपला नाही. त्यांचे नाव देशाला कळले ते मृत्यूनंतर.

आज भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेआधी रुग्णाला तोंड उघडायला लावतो, मान मागे वळवायला सांगतो, दातांची चौकशी करतो. अनेकांना हे प्रश्न फालतू वाटतात. ते तसे नसतात. जबड्याला जुना मार लागला असेल, दात हलत असतील, कवळी असेल, हृदयाचा त्रास झाला असेल, तर न विचारताही सांगावे. अडचण आधी कळली तर नळी घालण्याची वेगळी तयारी करता येते.